डब्यातला खवटपणा आणि देहातला खवटपणा



डब्याच्या तळाशी राहिलेले जुने शेंगदाणे एखादे वेळी तोंडात टाकले की लगेच तोंड वाकडे होते. दाणा दिसायला चांगला, पण चव खवट. महिना-दोन महिने राहिलेल्या जवसाच्या चटणीचेही तसेच. आपण म्हणतो, "खवट झालं, टाकून दे." दहावीत शिकणारी आपली मुले या खवटपणाचे कारण विज्ञानाच्या पुस्तकात वाचतात. तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, म्हणजेच त्याचे ऑक्सिडीकरण होते, आणि त्यातून वाईट वासाची व चवीची द्रव्ये तयार होतात.

हे झाले डब्यातल्या तेलाचे. पण अगदी याच जातीचा खवटपणा आपल्या देहातही, पेशींच्या नाजूक आवरणात, रोज होऊ पाहत असतो. त्याला अडवणारा एक राखणदार आपल्याला रोजच्या जेवणातून मिळतो. त्याचे नाव जीवनसत्त्व ई. तो कसे काम करतो, कोणत्या तेलाबरोबर किती लागतो आणि आपल्याच हातून तो कसा वाया जातो, हे प्रत्येक घराने समजून घ्यावे म्हणून हा लेख.

या विषयाकडे आम्ही वळलो ते आमच्या वस्तीतील महिला मंडळाच्या एका बैठकीमुळे. बैठक संपताना एका ताईंनी पिशवीतून हिरव्या कॅप्सूलची पट्टी काढली आणि विचारले, "शेजारणीनं सांगितलं, केस गळायचे थांबतात, अंगात ताकद येते. रोज एक घेऊ का?" तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या आक्का म्हणाल्या, "गोळीचं नंतर बघू. मला आधी हे सांगा, तळून उरलेलं तेल ठेवायचं की टाकायचं? तेलाचा भाव बघा. टाकवत नाही हो जिवाला."

दोन प्रश्न वेगळे वाटतात. पण आम्ही जसजसे वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो, तसतसे ध्यानात आले की दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी आहे.

पेशीची भिंत तेलाची

आपला देह असंख्य पेशींचा बनलेला आहे. प्रत्येक पेशीभोवती एक आवरण असते. घराला भिंत असते तसे. पण ही भिंत दगडमातीची नाही. ती मुख्यतः स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने यांची असते. १९२५ साली हॉलंडमधील लायडन येथे गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन शास्त्रज्ञांनी रक्तातील तांबड्या पेशींच्या आवरणातले स्निग्ध द्रव्य काढून ते पाण्यावर पसरले आणि त्याने किती जागा व्यापली ते मोजले. ती जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरली. यावरून त्यांनी अनुमान काढले की आवरणात स्निग्ध द्रव्याचे दोन थर असतात. हे दोन थर मिळून किती जाड? एका मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातला साधारण एक भाग.

एवढी पातळ भिंत, पण काम मोठे. पेशीत काय येऊ द्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे हे तीच ठरवते. शिवाय ती लवचीक असावी लागते. तांबडी पेशी सुमारे सात-आठ मायक्रॉन रुंद असते, आणि तिला तिच्याहून अरुंद केशवाहिनीतून अंग चोरून जावे लागते. असे ती सुमारे १२० दिवस करत राहते. भिंत ताठ असती तर हे जमले नसते.

ही लवचीकता कुठून येते? थंडीच्या दिवसांत तूप थिजते, पण करडईचे तेल थिजत नाही, हे आपण पाहतोच. तुपात संपृक्त स्निग्धाम्ले जास्त असतात. करडईच्या तेलात असंपृक्त जास्त. असंपृक्त स्निग्धाम्लांच्या लांब साखळीत एक किंवा अनेक दुहेरी बंध असतात, त्यामुळे साखळीला बाक येतो आणि साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसत नाहीत. पेशीच्या भिंतीत अशी बाकदार साखळी असली म्हणजे भिंत मऊ आणि हलती राहते. यातील लिनोलेइक आणि आल्फा-लिनोलेनिक ही दोन स्निग्धाम्ले आपला देह स्वतः बनवू शकत नाही. ती अन्नातूनच घ्यावी लागतात. आपण ज्या प्रकारचे तेल सतत खातो त्याचा ठसा हळूहळू पेशींच्या भिंतीवर उमटतो, हे शास्त्राने दाखवून दिले आहे.

म्हणजे असंपृक्त तेल नको असे म्हणून चालत नाही. पण इथेच एक अडचण आहे.

एक झोपडी पेटली की

साखळीत दोन दुहेरी बंध जवळजवळ असले की त्यांच्या मधल्या जागेवरचा हायड्रोजन सैल धरलेला असतो. तो ओढून घेणे सोपे. आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनचा वापर होत असताना देहात काही अस्थिर रेणू तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. विडी-सिगारेटच्या धुरातून तर ते थेट आत येतात. असा एखादा रेणू पेशीच्या भिंतीतल्या साखळीचा सैल हायड्रोजन हिसकावून घेतो. मग ती साखळी स्वतः अस्थिर होते, ऑक्सिजनला पकडते आणि शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढते. ती शेजारीण पुढच्या शेजारणीचा.

झोपड्यांच्या रांगेत एक झोपडी पेटली की काय होते, हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. आग पहिल्या झोपडीपुरती थांबत नाही. एकीची धग दुसरीला लागते. पेशीच्या भिंतीत नेमके हेच घडते. साखळीत दुहेरी बंध जितके जास्त तितके पेटणे सोपे. ज्यात एकच दुहेरी बंध आहे त्या ओलेइक आम्लापेक्षा दोन दुहेरी बंधांचे लिनोलेइक आम्ल दहा पटींहून अधिक वेगाने ऑक्सिजनच्या तडाख्यात सापडते. तीन बंधांचे लिनोलेनिक त्याहून लवकर. जवसाची चटणी शेंगदाण्याच्या चटणीच्या आधी का खवटते, याचे उत्तर यातच आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो.

जीवनसत्त्व ई या भिंतीतच, स्निग्ध साखळ्यांच्या मध्ये, उभे असते. साधारण हजार स्निग्ध रेणूंमागे ईचा एक रेणू, इतके ते थोडे. पण आग त्याच्यापर्यंत आली की ते आपला स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकते. समोरचा रेणू शांत होतो. ई स्वतः खर्ची पडते, पण शेजाऱ्याला पेटवत नाही. रांगेतली आग तिथे तुटते. मग आवळा, पेरू, लिंबू यांतून मिळणारे जीवनसत्त्व क त्या खर्ची पडलेल्या ईला पुन्हा उभे करते. म्हणून जेवणात ताटाच्या कडेला लिंबाची फोड असावी, हे चवीपुरतेच खरे नाही.

वनस्पती हे ई जीवनसत्त्व आपल्यासाठी बनवत नाहीत. बी जमिनीत किंवा कणगीत पडून असते तेव्हा तिच्या आतले तेल खवटू नये म्हणून ती ते बनवते. करडई, सूर्यफूल यांच्या बियांत नाजूक तेल भरपूर, म्हणून त्यांच्यात राखणदारही भरपूर. बीच्या पोटात तेल आणि राखणदार एकत्र येतात. माणूस मात्र कधी कधी तेल घेतो आणि राखणदाराला वाटेतच गमावतो.

उंदरांपासून सुरुवात

या जीवनसत्त्वाचा शोध लागला १९२२ साली. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रयोगशाळेत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप हे दोघे उंदरांवर प्रयोग करत होते. उंदरांना त्यांनी शुद्ध केलेले अन्न दिले. त्यात दुधातले प्रथिन, स्टार्च, क्षार, त्या वेळी माहीत असलेली जीवनसत्त्वे आणि डुकराची चरबी होती. उंदीर वाढले, धडधाकट दिसले. माद्या गाभण राहिल्या, पण पिले जन्माला येईनात. गर्भ पोटातच जिरून जात. त्यांना लेट्यूसची हिरवी पाने, आणि पुढे गहू, खायला घातल्यावर पिले नीट जन्मू लागली. अन्नात काहीतरी कमी होते, हे यावरून सिद्ध झाले.

१९३६ साली इव्हान्स, ऑलिव्हर इमर्सन आणि ग्लॅडिस इमर्सन यांनी गव्हाच्या अंकुराच्या तेलातून ते द्रव्य वेगळे काढले. त्याला नाव दिले टोकोफेरॉल. ग्रीक भाषेत टोकोस म्हणजे प्रसूती आणि फेरेन म्हणजे धारण करणे.

या नावामुळे एक गैरसमज पसरला. 'ई खाल्ल्याने मूल होते' असे अजूनही कोणी कोणी सांगते. उंदरांच्या बाबतीत जे दिसले ते अन्नातून ई पूर्ण काढून टाकल्यावर. साधे जेवण जेवणाऱ्या बाईला ईच्या गोळीने दिवस राहतात किंवा गर्भ टिकतो, असा भरवशाचा पुरावा नाही. मूल होत नसेल तर पती-पत्नी दोघांनीही डॉक्टरांकडे तपासणी करावी. दोष एकट्या बाईच्या माथी मारू नये.

एल्जिनचे रुग्ण

माणसाला ई किती लागते, हे उंदरांवरून कळणे शक्य नव्हते. ते कळले अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शिकागोजवळच्या एल्जिन गावी. तेथे एक मोठे सरकारी मनोरुग्णालय होते. १९५० च्या दशकात मॅक्स हॉरविट या शास्त्रज्ञाने तेथील काही पुरुष रुग्णांना ई अगदी कमी असलेले अन्न देण्यास सुरुवात केली. जेवणातले स्निग्ध पदार्थ ई काढून टाकलेले होते. आधी डुकराची चरबी, पुढे मक्याचे तेल. हा प्रयोग पाच वर्षांहून अधिक काळ चालला.

हॉरविट त्यांचे थोडे रक्त घेत आणि तांबड्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सौम्य द्रावणात ठेवत. ज्याच्या रक्तात ई पुरेसे, त्याच्या पेशी टिकून राहत. ज्याचे ई आटले, त्याच्या पेशी फुटत. राखणदार नसलेली भिंत पहिल्याच तडाख्याला ढासळत होती. बाहेरून पाहता ही माणसे आजारी दिसत नव्हती. रक्तपेशींचे आयुष्य मात्र किंचित घटले होते. यातून हॉरविट यांनी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. ईची गरज सर्वांना सारखी नसते. आहारात बहु-असंपृक्त तेल जितके जास्त, तितके ई जास्त लागते. भिंत जितकी पेटाऊ, तितका पहारा कडक हवा.

पुढे २००० साली अमेरिकेत प्रौढ माणसाला दिवसाला १५ मिलिग्रॅम ई हवे असे ठरले, ते मुख्यतः याच रुग्णांच्या रक्ताच्या नोंदींवरून.

हे वाचताना आम्ही थोडे थांबलो. वेड लागले म्हणून चार भिंतींत ठेवलेली ती माणसे. आपल्या ताटातून काय काढून घेतले आहे आणि का, हे समजून 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याच्या स्थितीत त्यांच्यापैकी किती जण असतील? वैद्यकीय संशोधनात माणसाची समजून-उमजून दिलेली संमती हवी, दुबळ्यांचा विशेष सांभाळ हवा, असे सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ सालचा, म्हणजे त्यानंतरचा. शास्त्रीय निबंधांत रुग्णांची नावे छापत नाहीत. त्यामुळे हे पुरुष कोण होते, कोणाचे भाऊ, कोणाचे बाप होते, हे वाचणाऱ्याला कळत नाही. गोळीच्या डबीवर आणि आहाराच्या तक्त्यावर छापलेला आकडा कोणाच्या तरी देहातून आलेला असतो, एवढे तरी आपण लक्षात ठेवले पाहिजे. उद्या आपल्यापैकी कोणाला एखाद्या इस्पितळात 'नवीन औषधाच्या चाचणीसाठी सही करा' असे सांगितले, तर कागद आपल्या भाषेत मागून घ्यावा, पूर्ण समजून घ्यावा, प्रश्न विचारावेत, आणि नको असेल तर 'नाही' म्हणावे. तो आपला हक्क आहे.

अपुऱ्या दिवसांची बाळे

हॉरविट यांनी सांगितले ते किती खरे होते, हे लहान बाळांच्या बाबतीत दिसले. ई आईकडून बाळाकडे मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या काळात साठते. म्हणून दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाजवळ साठा तुटपुंजा असतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत अशा काही बाळांना रक्तपेशी फुटून पंडुरोग होऊ लागल्याचे आढळले. १९६७ साली ऑस्की आणि बार्नेस या डॉक्टरांनी त्याचे कारण ईची उणीव असल्याचे दाखवले. बाळांना डब्याचे दूध दिले जाई. त्या दुधात वनस्पती तेलांतली बहु-असंपृक्त स्निग्धाम्ले भरपूर होती, पण त्या मानाने ई थोडे. वरून लोह घातले की अवस्था आणखी बिघडे, कारण लोह ऑक्सिडीकरणाला जोर देते. चांगल्या हेतूने दिलेले तेल आणि लोह राखणदाराशिवाय बाधक ठरले. त्यानंतर डब्याच्या दुधात असंपृक्त स्निग्धाम्लांच्या प्रमाणात ई असलेच पाहिजे, असे नियम झाले.

आपल्या माता-भगिनींसाठी यात एक साधा धडा आहे. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारे पिवळसर घट्ट दूध नंतरच्या दुधापेक्षा ईने अधिक संपन्न असते. काही घरांत ते 'जड' म्हणून पिळून टाकतात. ते टाकू नये. बाळाला तेच पाजावे. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कोणतेही टॉनिक, लोहाचे औषध घरच्या मनाने देऊ नये. डॉक्टर सांगतील तेच द्यावे.

कोणत्या तेलात किती

आता आपल्या चुलीजवळ येऊ. शंभर ग्रॅम सूर्यफुलाच्या तेलात सुमारे ४० मिलिग्रॅम ई असते. करडईच्या तेलात सुमारे ३४. शेंगदाण्याच्या आणि पामच्या तेलात सुमारे १५-१६. सोयाबीनच्या तेलात ईचा जो प्रकार देहाला जास्त उपयोगी पडतो तो सुमारे ८. खोबरेल तेलात ई जवळजवळ नाहीच. पण तेथे नाजूक साखळ्याही नाहीत, म्हणून पहाऱ्याची गरजही कमी. (खोबरे खवटते ते बहुतांशी ओल आणि बुरशीमुळे. तो खवटपणा वेगळा.)

यावरून कोणी म्हणेल, मग तूप आणि वनस्पती तूपच बरे, पेटायचे भय नाही! तसे नाही. संपृक्त चरबी जास्त झाली की रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. तिच्या जागी असंपृक्त तेले घेणे हृदयाला हितकारक असते. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट तर त्याहून वाईट. म्हणूनच आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम झाला. तेव्हा असंपृक्त तेल खायचे, पण माफक खायचे, ताजे खायचे आणि त्याच्या राखणदारासकट खायचे.

दिवसाला माणशी चार चहाचे चमचे, म्हणजे २० ग्रॅम सूर्यफुलाचे तेल पोटात गेले तर ८ मिलिग्रॅम ई मिळते. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून अडीच मिलिग्रॅमच्या आसपास. पालकाची भाजी १०० ग्रॅम खाल्ली तर सुमारे दोन. बाकी गहू, डाळी, इतर भाज्या यांतून थोडे थोडे येते. बदामात ई भरपूर असते हे खरे, पण त्यासाठी बदाम परवडलेच पाहिजेत असे नाही. कामावर जाताना खिशात मूठभर दाणे आणि डब्यात पालेभाजी, एवढ्याने बरेच भागते. ज्यांची आतडी स्निग्ध पदार्थ शोषू शकत नाहीत असे काही रुग्ण सोडले तर नुसत्या आहारामुळे ईची खरी उणीव माणसात क्वचितच होते.

तळणीचे उरलेले तेल

आता आक्कांचा प्रश्न. तेल तापवले की ऑक्सिडीकरणाचा वेग वाढतो. त्यात राखणदार म्हणून ई खर्ची पडत जाते. तेच तेल दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तापवले की ई संपत येते आणि मागे राहतात त्या उघड्या पडलेल्या नाजूक साखळ्या. त्या तुटून तिखट वासाची, घातक द्रव्ये बनतात. तेल काळवंडते, दाट होते, फेस धरते, लवकर धूर सोडते. असे तेल खाणे म्हणजे दुहेरी तोटा. राखणदार मिळत नाही, आणि पेटलेले निखारे मात्र पोटात जातात.

सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने याची मोजपट्टी ठरवली आहे. तळणीच्या तेलात बिघडलेल्या द्रव्यांचे, म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्सचे, प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. मोठ्या हॉटेलांचे असे बाद तेल स्वस्तात लहान विक्रेत्यांकडे जाते आणि तेथून ते कष्टकऱ्यांच्या पोटात जाते, ही जुनी तक्रार आहे. हे थांबावे म्हणून वापरलेले तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल बनवण्याची योजनाही २०१८ सालीच सुरू झाली. पण गाडीवरच्या कढईत वाकून पाहायला अधिकारी रोज येत नाही. आपण पाहू शकतो. तेल काळे दिसले तर तिथला वडा घेऊ नये.

घरात मात्र कायदा आपलाच. "टाकवत नाही" हे आक्कांचे म्हणणे खोटे नाही. तेल पैसे टाकून आणलेले असते. म्हणून आम्ही जाणकारांना विचारून काही गोष्टी काढल्या आहेत:

तळण लहान, खोलगट कढईत थोड्या तेलात करावे. मोठी कढई भरून तेल घेतले की उरतेही भरपूर.

तेलातून धूर निघेपर्यंत तापवू नये. तळण संपताच आच बंद करावी.

उरलेले तेल निवल्यावर गाळून घ्यावे. जळालेले कण राहिले तर तेल लवकर बिघडते. ते पुन्हा तळणाला न घेता एक-दोन दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीला संपवावे.

नव्या तेलात जुने उरलेले तेल ओतू नये. थोडे पेटलेले तेल चांगल्या तेलालाही पेटवते.

तेल झाकणाच्या डब्यात, उजेडापासून आणि चुलीपासून दूर ठेवावे. तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल साठवू नये. तांब्याचा अंश खवटपणा फार वाढवतो. डबा रिकामा झाला की धुऊन, पूर्ण वाळवून मगच पुन्हा भरावा.

करडई आणि सूर्यफूल यांची तेले फोडणीला, चटणीवर कच्ची घालायला चांगली. सणासुदीला तळायचे तर शेंगदाण्याचे तेल त्यांच्यापेक्षा जास्त टिकाव धरते.

जवस अख्खे ठेवावे. टरफलाच्या आत ते महिनोन् महिने टिकते. चटणी आठवड्यापुरतीच कुटावी. दाणेही सालीसकट, घट्ट डब्यात. खवट लागले तर भाजून चव लपवू नये, टाकून द्यावे.

हिरव्या कॅप्सूलचे काय?

आता ताईंचा प्रश्न. ई राखणदार असेल तर जास्त ई म्हणजे जास्त राखण, असे कोणालाही वाटेल. शास्त्रज्ञांनाही तसेच वाटले होते. म्हणून मोठमोठ्या चाचण्या झाल्या. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरची चाचणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. रोज ५० मिलिग्रॅम ई दिल्याने फुप्फुसाचा कॅन्सर कमी झाला नाही. उलट मेंदूत रक्तस्राव होऊन झालेले मृत्यू ई घेणाऱ्यांत जास्त दिसले. २००० साली हृदयरोगाचा धोका असलेल्या रुग्णांवरची चाचणी आली. रोज ४०० युनिट ई घेऊनही हृदयविकारात फरक पडला नाही. २०११ साली अमेरिकेतील ३५ हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीचा निष्कर्ष आला. त्यात रोज ४०० युनिट ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त आढळला.

असे का व्हावे? ई एकटे काम करत नाही. त्याला पुन्हा उभे करायला क लागते, सेलेनियमवर चालणारी प्रथिने लागतात. एकाच राखणदाराची फौज भरून बाकीचे तसेच ठेवले तर पहारा सुधारतोच असे नाही. शिवाय जास्त ई रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणते. जे रक्त पातळ करण्याचे औषध घेतात त्यांना यातून रक्तस्रावाचा धोका असतो. बाजारात सर्रास मिळणारी ४०० मिलिग्रॅमची कॅप्सूल म्हणजे दिवसाच्या गरजेच्या पंचवीस पटींहून अधिक. काही थोड्या आजारांत डॉक्टर ती देतात, तेव्हा ती त्यांच्या सांगण्याप्रमाणे घ्यावी. शेजारणीच्या सांगण्यावरून नव्हे. अशक्तपणाचे कारण बहुतेक वेळा रक्तातील लोहाची कमतरता असते. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

आणि आमच्या बंधूंना एक विनंती. विडी-सिगारेटच्या धुराने देहातील ई वेगाने खर्ची पडते. ईची गोळी घेऊन धूम्रपान करणाऱ्यांचा फुप्फुसाचा कॅन्सर कमी होत नाही, हे फिनलंडच्या चाचणीने दाखवले. घरातली बाई तेल जपून वापरते, दाणे निवडते, आणि घरातला पुरुष धुराने ते सारे उडवतो, हा कुठला हिशेब?

पुढच्या बैठकीत आम्ही हे सारे सांगितले. ताईंनी पट्टी पिशवीत परत ठेवली आणि दवाखान्यात रक्त तपासायला जायचे ठरवले. आक्का थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मोठी कढई आता माळ्यावर टाकायची." दुसऱ्या एका मावशींनी सुचवले की सणाला चार घरांनी मिळून एकदाच तळण करावे. तेल कमी लागेल, उरणारही नाही. ही सूचना सर्वांना पटली.

तुमच्या वस्तीतही असे करून पाहा. आज स्वयंपाकघरात गेल्यावर तेलाच्या डब्याचे झाकण उघडून एकदा वास घ्या. खवट वास येत असेल तर ते तेल पोटात घालू नका.